शिंगवाल्या भुंगेऱ्यांची नोंदवही

पहिला पाऊस झाला की आरे कॉलनीतल्या दिव्यांखाली भुंगेरे आपटू लागतात. त्यांतला काळा, डोक्यावर शिंग असलेला गेंड्या भुंगा वसई-केळव्याच्या वाडीवाल्यांना चांगलाच माहीत. तो माडाच्या कोंबात शिरून कोवळी पानं कुरतडतो. ती झावळी उलगडली की कात्रीने कापल्यासारखी दिसते. त्याचं शास्त्रीय नाव स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये दिलं. पण तो आणि त्याचे भाऊबंद भारतात कुठे कुठे सापडतात, एकमेकांपासून ओळखायचे कसे, हे एका ठिकाणी नीट मांडलं इंग्रज कीटकशास्त्रज्ञ गिल्बर्ट जॉन ॲरो यांनी.

लंडनमध्ये १८७३ साली जन्मलेले ॲरो आधी वास्तुविशारदाकडे उमेदवारी करत होते. १८९६ मध्ये ते ब्रिटिश म्युझियमच्या प्राणिशास्त्र विभागात लागले आणि १९३८ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या इथल्या प्राण्यांची ओळख देणाऱ्या ग्रंथमालेत त्यांचे भुंगेऱ्यांच्या या गटावरचे खंड १९१०, १९१७ आणि १९३१ ला निघाले. गेंड्या भुंगा पहिल्या खंडात आहे, शेणकिडे तिसऱ्यात. चौथा खंड १९५० चा. त्याआधीच, १९४८ मध्ये, ॲरो गेले होते.

या कामामागे आपल्याकडची पायपीट आहे, हे विसरू नये. मुंबई इलाख्यातल्या कारवारच्या जंगलात वनाधिकारी टी. आर. बेल यांनी वर्षानुवर्षं कीटक गोळा केले. फुलपाखरांवर त्यांच्यासोबत काम केलेले एडवर्ड एटकेन हे १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांपैकी. नमुने इथले, बारकाईने तपासणारी नजर तिथली, असा तो काळ होता.

ॲरो यांचं सगळंच टिकलं असं नाही. भुंगेऱ्यांच्या शिंगांना काही उपयोग नसावा, असं त्यांचं मत होतं. पुढच्या अभ्यासकांनी नर शिंगांनी झुंजतात हे अनेक जातींत दाखवून दिलं. तरीही ओळख पटवण्यासाठी त्यांचे खंड आजही उघडावे लागतात, आणि मला तेच मोठं वाटतं.

खंत एकच. उसाच्या मुळ्या खाऊन उभं शेत वाळवणारी हुमणी हीसुद्धा भुंगेऱ्याचीच अळी, पण ती ज्या उपकुलातली (कुळातल्या पोटगटातली), ते उपकुल त्या चारही खंडांत नाही.