मालट्रक चालकांची भरती (महाराष्ट्र)

मालवाहतूकदार आपल्या जड वाहनांसाठी चालक मिळवतात आणि टिकवतात, तो व्यवहार. महाराष्ट्रात त्याची मुख्य ठिकाणे म्हणजे न्हावा-शेवा बंदर व कळंबोलीचा लोखंड बाजार, भिवंडीची गोदामे, पुण्याजवळचा चाकणचा वाहन उद्योग आणि गावोगावची ट्रान्सपोर्ट नगरे. मोठ्या कंपन्या जाहिरात देतात, पण एक-दोन गाड्यांचा मालक ओळखीतूनच माणूस शोधतो. एखादा जुना चालक गावाकडचा भाऊबंद आणतो, नाहीतर पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर शब्द टाकला जातो.

या ओळखीमागे पूर्वी एक शाळा होती. पोरगा क्लीनर म्हणून गाडीवर चढायचा, उस्तादाच्या हाताखाली टायर बदलणे, ताडपत्री व दोर बांधणे शिकायचा आणि मोकळ्या रस्त्यावर हळूहळू स्टेअरिंग धरायचा. खर्च वाचवण्यासाठी अनेक मालकांनी क्लीनर ठेवणे बंद केले. चालक मिळत नाहीत, ही आजची तक्रार बऱ्याच अंशी त्या बचतीची किंमत आहे.

कायद्याने परिवहन वाहनाच्या चालकाचे वय किमान २० वर्षे हवे आणि हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर तरी हाती असायला हवा. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये काढली गेली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली. ज्वालाग्राही रसायनांचे टँकर चालवायला मात्र वेगळे प्रशिक्षण लागते, त्यामुळे असे चालक कमी आणि महाग. परवाना खोटा निघाला आणि अपघात झाला, तर विम्याचा वाद मालकाच्या गळ्यात येतो. म्हणून जाणता मालक परवान्याचा क्रमांक आधी सरकारी संकेतस्थळावर तपासतो.

खरी परीक्षा घाटात होते. खंबाटकी किंवा कसारा उतरताना चालक गिअरमध्ये राहतो की डिझेल वाचवायला न्यूट्रल करतो, हे शेजारी बसलेला जुना माणूस पाहतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर झालेल्या अपघातांत न्यूट्रलचे कारण वारंवार पुढे आले. तरीही अनेक ठिकाणी ॲव्हरेजवर बक्षीस देण्याची पद्धत आहे. म्हणजे एका हाताने ताकीद, दुसऱ्या हाताने आमिष.

पगार महिन्याचा, त्यावर फेरीगणिक भत्ता आणि वाटखर्ची, असा सौदा सर्रास चालतो. टिकवण्याचे साधन म्हणजे उचल. घरच्या लग्नाला किंवा दवाखान्याला आगाऊ रक्कम दिली की ती फिटेपर्यंत चालक सहसा गाडी सोडत नाही. दुसऱ्या मालकाने ती फेडून चालक पळवल्याचेही प्रकार होतात. ऊस गाळपाच्या, द्राक्षांच्या आणि कांद्याच्या हंगामात ही ओढाताण वाढते. होळी किंवा छठला उत्तर प्रदेश-बिहारचे चालक गावी गेले की बदली चालकाचा भाव चढतो.

ट्रकमधला माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हमालासाठी राज्यात १९६९ चा माथाडी कायदा आणि त्याची मंडळे आहेत. तोच ट्रक आणणाऱ्या चालकाला असे मंडळ नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, पण ती पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. छोटा मालक त्यातून सुटला.

जानेवारी २०२४ मध्ये अपघातानंतर पळून जाण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत घातलेल्या दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेविरुद्ध चालकांनी काम थांबवले, तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, पण ते कलम बाजूला ठेवून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालवता येते असा निर्वाळा दिला. छोट्या टेम्पोच्या मालकांना त्याने दिलासा मिळाला. मोठ्या ट्रेलरवाल्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे आहे. जुन्या गाड्यांना हा नियम नाही, त्यामुळे नवी गाडी कोणाच्या हाती द्यायची हाही आता भरतीतला एक मुद्दा होऊ शकतो.