डिस्को ठेका (फोर ऑन द फ्लोर)

डिस्को ठेका म्हणजे चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर बेस ड्रमचा सारख्या वजनाचा ठोका. बेस ड्रम जमिनीवर असतो आणि पायाने वाजतो, त्यावरून इंग्रजीत फोर ऑन द फ्लोर हे नाव पडलं. १९७०च्या दशकातली जी गाणी आज "जुनी हिट" म्हणून लग्नात, रियुनियनला, रेडिओवर लागतात त्यातली बरीच याच ठेक्यावर चालतात, मग ती डिस्कोवाल्यांची असोत की एरवी डिस्कोला नाक मुरडणाऱ्या रॉकवाल्यांची.

रचना तशी सोपी आहे. किक (म्हणजे बेस ड्रमचा ठोका) १, २, ३, ४ वर, स्नेअर (करकरीत आवाजाचा छोटा ड्रम) २ आणि ४ वर, आणि दोन मात्रांच्या मधल्या जागेत किंचित उघडलेली हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी), म्हणजे कानाला येतं ते धप्-स्स, धप्-स्स. आपल्या तालाची सवय असलेल्याला हे जरा सपाट वाटतं, कारण इथे सम नाही, खाली नाही, भरी नाही, सगळ्या मात्रा एकाच मापाच्या. पण तीच तर सोय आहे, नाचणारा कुठूनही शिरू शकतो, आणि डीजेला एका गाण्याची शेपूट दुसऱ्याच्या तोंडाला जोडता येते. लय साधारण मिनिटाला ११० ते १३० ठोके. नेहमीच्या रॉक ठेक्यात किक मुख्यतः १ आणि ३ वर पडते आणि मधल्या जागा ड्रमर आपल्या मर्जीने भरतो, इथे ती मोकळीक नाही.

हा ठेका पहिला कोणी वाजवला यावर बरेच वाद आहेत. बहुतेक जण फिलाडेल्फियाच्या अर्ल यंगकडे बोट दाखवतात आणि गाणं सांगतात हॅरॉल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सचं 'द लव्ह आय लॉस्ट' (१९७३). हे आधी संथ गाणं म्हणून बसवलेलं, स्टुडिओत लय वाढवली आणि यंगने खाली चारही मात्रांवर किक लावली असं सांगतात. दुसरा पक्ष एडी केंड्रिक्सच्या १९७२च्या 'गर्ल यू नीड अ चेंज ऑफ माइंड'कडे जातो, तिथे चार ठोके आहेतच, आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत ते गाणं वाजतही होतं. तिसरे लोक अजून मागे, मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या १९६५-६६च्या गाण्यांकडे जातात, पण तिथे चारही मात्रांवर बहुतेकदा स्नेअर आहे, किक नाही, त्यामुळे तो फार तर चुलतभाऊ म्हणता येईल. आणि स्विंगच्या जमान्यात जॅझ ड्रमर चारही मात्रांवर बेस ड्रम हलका हलका लावतच होते, म्हणजे नुसती चार ठोक्यांची कल्पना डिस्कोहून कितीतरी जुनी ठरते.

खरं तर भांडण चुकीच्या वाद्यावर चाललंय. किक कोणाचीही असो, डिस्कोला डिस्को करते ती मधल्या जागेतली उघडी हाय-हॅट, आणि ती ठळकपणे पुढे आणून रेकॉर्डमागून रेकॉर्डमध्ये रुजवली ती यंगने. आयझॅक हेजच्या 'शाफ्ट'च्या थीममध्ये (१९७१) हाय-हॅट पुढे आहे पण ती सोळा तुकड्यांत सलग वाजते, उघडझाप वेगळी आहे. त्यामुळे तारीख १९७२-७३च्या आसपास आणि गाव फिलाडेल्फिया हे मत जास्त टिकणारं दिसतं. यंग, गिटारवर नॉर्मन हॅरिस आणि बेस गिटारवर रॉनी बेकर हे त्रिकूट सिग्मा साउंड स्टुडिओत एकामागून एक रेकॉर्डवर वाजवत होतं, आणि यंग स्वतः ट्रॅम्प्स या गटाचा संस्थापक, ज्यांचं 'डिस्को इन्फर्नो' १९७६चं, पण खरं चाललं ते 'सॅटरडे नाइट फीवर' (१९७७) सिनेमात आल्यावर.

ठेका यंत्रासारखा झाला तो पुढच्या टप्प्यात. त्याच सिनेमातल्या बी जीजच्या 'स्टेइंग अलाइव्ह'च्या वेळी ड्रमर घरच्या आजारपणामुळे निघून गेलेला, मग निर्माते अल्बी गॅल्युटन आणि कार्ल रिचर्डसन यांनी 'नाइट फीवर'मधल्या दोन आवर्तनांची टेप कापून टोकं जोडली आणि ती गोल गोल फिरवली. श्रेयनामावलीत ड्रमर म्हणून "बर्नार्ड लुप" (लूप म्हणजे अशी गोल फिरणारी टेप) असं थट्टेचं नाव टाकलं. (लय मिनिटाला १०३च्या आसपास, छातीवर दाब देण्याची शिफारस १०० ते १२०ची, म्हणून सीपीआर शिकवताना हे गाणं गुणगुणायला सांगतात.) उलट डोना समरचं 'आय फील लव्ह' (१९७७) जवळजवळ पूर्ण सिंथेसायझरचं, पण मूग या सिंथेसायझरमधून किक मनासारखी निघेना म्हणून ती तेवढी कीथ फोर्सीने पायाने वाजवली.

मग रॉकवाले आले. रोलिंग स्टोन्सचं 'मिस यू' (१९७८) अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ब्लाँडीचं 'हार्ट ऑफ ग्लास' मुळात १९७५च्या सुमाराचं, तेव्हा बँडमध्ये त्याला नुसतं "डिस्को साँग" म्हणायचे, पुढे निर्माता माइक चॅपमनने रोलंडचं ड्रम मशीन खाली घालून ते १९७९ला पहिल्या क्रमांकावर नेलं आणि न्यूयॉर्कच्या पंकवाल्यांनी त्यांना फितूर ठरवलं. पिंक फ्लॉइडच्या 'अनदर ब्रिक इन द वॉल'च्या दुसऱ्या भागाला डिस्को ठेका घालायचा आग्रह निर्माता बॉब एझ्रिनचा, बँडचा गिटारवादक गिलमोरला फारसं पटलेलं नव्हतं, तरी १९७९च्या डिसेंबरात तेच ब्रिटनमध्ये अव्वल. गंमत म्हणजे त्याच वर्षी १२ जुलैला शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधे डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटाने उडवल्या, गर्दी मैदानात घुसली आणि दुसरा सामना सोडून द्यावा लागला. १९८०ला क्वीनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' आलं, त्यातली बेस गिटार शीक या डिस्को गटाच्या 'गुड टाइम्स'चं ऋण उघड सांगते, गाणं जॉन डीकनचं आणि गायलेलं फ्रेडी मर्क्युरीने, जो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच द हेक्टिक्स नावाच्या पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा.

आपल्याकडे हा ठेका मोठ्या प्रमाणावर पोचला तो १९८०ला, 'कुर्बानी'तल्या नाझिया हसनच्या गाण्याने. ते केलं मूळच्या बंगळुरूच्या बिद्दूने, ज्याने त्याआधी इंग्लंडमध्ये कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' (१९७४) केलेलं, सिनेमातली बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची. त्याच वर्षी 'प्यारा दुश्मन'मध्ये बप्पी लाहिरींनी उषा उथुप यांच्याकडून 'हरी ओम हरी' गाऊन घेतलं, चाल इरप्शनच्या 'वन वे तिकीट'वरून घेतलेली, आणि १९८२ला 'डिस्को डान्सर' आला.