मास्कआधीचा अर्धा तास

लहान मुलाची भीती टिपेला पोचते ती भुलीचा मास्क तोंडाजवळ येतो तेव्हा. सहा-सात महिन्यांच्या आतल्या बाळाला परक्याच्या कडेवर जाण्याचं फारसं काही वाटत नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलांना मात्र आईपासून दूर होणं सहन होत नाही आणि समजावून सांगितलेलं पुरतं कळतही नाही. रडत्या मुलालाही भूल चढतेच, म्हणून या भीतीकडे दुर्लक्ष होतं. ते बरोबर नाही. रडण्याने घशात स्राव साठतात, स्वरयंत्र आवळून श्वास अडण्याचा धोका वाढतो. घाबरून झोपलेली मुलं जागी होताना जास्त कासावीस होतात आणि घरी गेल्यावर काही दिवस रात्री दचकून उठणं, अंथरूण ओलं करणं असे प्रकार दिसतात.

तयारी घरापासून सुरू होते. सहा वर्षांवरच्या मुलाला पाच-सात दिवस आधी सांगावं, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलं तरी चालतं. आठवडाभर आधी सांगितलं तर ते आठवडाभर धास्तावतं. मास्क मिळाला तर खेळायला द्यावा, आधी बाहुलीला लावू द्यावा. ‘काही टोचणार नाही’ असं सांगून नंतर टोचलं, की पुढच्या प्रत्येक डॉक्टरवरचा विश्वास उडतो. ‘ऐकलं नाहीस तर सुई देतील’ ही धमकी तर घरातून कायमची हद्दपार करावी.

उपाशी ठेवण्याची वेळही भीतीशी जोडलेली आहे. गाईचं दूध आणि हलकं खाणं सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, पण पाणी किंवा साखरपाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. डाळीचं पाणी आणि दुधाचा चहा या दोन तासांच्या सवलतीत बसत नाहीत. ‘रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही’ हा जुना रिवाज मुलाला विनाकारण भुकेलं, तहानलेलं आणि चिडचिडं करतो. नेमकी वेळ आपल्या भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्यावी.

सलाइनची सुई आधी लावायची असेल तर हाताच्या पाठीवर बधिरतेचं क्रीम लावतात. लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी अडीच टक्के असलेल्या क्रीमला वर चिकटपट्टी लावून पूर्ण तासभर द्यावा लागतो. वीस मिनिटांत पुसलं तर सुई दुखतेच, आणि दोष क्रीमला मिळतो.

मिडाझोलाम या, मुलाला आधी शांत करणाऱ्या औषधाचंही तेच: वेळ पाळावी लागते. तोंडाने दर किलोला 0.5 मिलिग्रॅम, म्हणजे 14 किलोच्या मुलाला 7 मिलिग्रॅम. इंजेक्शनचंच औषध तोंडाने देतात, आणि ते कडू असल्याने साखरेच्या पाकात मिसळतात. इथे एक धोका आहे: ते 1 मिलिलिटरमध्ये 1 आणि 5 मिलिग्रॅम अशा दोन तीव्रतांत मिळतं. पहिल्याचे 7 मिलिलिटर होतात आणि इतकं कडू मूल थुंकतं, दुसऱ्याचे 1.4 मिलिलिटर पाकात सहज खपतात. मात्र लेबल न वाचता मोजलं तर पाचपट चूक होऊ शकते. थुंकलं तर पूर्ण डोस पुन्हा देऊ नये, कारण पोटात किती गेलं ते कळत नाही. असर यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. दहाव्या मिनिटाला मुलाला आत नेलं तर औषध वाया. आधीचं ऑपरेशन लांबून तास उलटला तरी तीच गत. मूल झोपलं नाही म्हणून औषध लागू पडलं नाही असंही नाही. ते जागंच असतं, पण शांत असतं, आणि पुढचं बरंचसं त्याच्या लक्षात राहत नाही. काही मुलं उलट जास्त चिडतात. औषध दिल्यावर मुलाला चालू देऊ नये आणि नजरेआड करू नये. टॉन्सिल मोठे असून झोपेत श्वास अडत असेल तर डोस कमी करतात किंवा टाळतात. हे सगळं रुग्णालयातच, देखरेखीखाली. घरी कधीच नाही.

हेच औषध नाकात मारलं तर झोंबतं. डेक्समेडेटोमिडिन हे दुसरं शांत करणारं औषध नाकातून झोंबत नाही, पण त्याला तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात.

आईवडिलांना आत घेतलं की काम झालं, असा समज आहे. पालकांच्या नुसत्या उपस्थितीने भीती कमी होतेच असं अभ्यासांत दिसत नाही. घाबरलेली आई मुलाला आणखी घाबरवते. 2007 साली भूलतज्ज्ञ झेव केन आणि सहकाऱ्यांनी 2 ते 10 वर्षांच्या 408 मुलांवर केलेल्या अभ्यासात, आधीपासून शिकवून तयार केलेल्या कुटुंबांतली मुलं मास्क लावताना मिडाझोलाम दिलेल्या मुलांइतकीच शांत होती, आणि त्यांना वेदनाशामकही कमी लागलं. आमच्या मते औषधाइतकाच वेळ या तयारीला मिळायला हवा. आत येणाऱ्या पालकाला एवढं तरी सांगावंच: सेव्होफ्लुरेन हा मास्कमधून दिला जाणारा भुलीचा वायू चढताना डोळे फिरतील, हातपाय झटकले जातील, घोरल्यासारखा आवाज येईल, हे अपेक्षित आहे, आणि ‘आता चला’ म्हटलं की लगेच बाहेर यायचं. तोवर मोबाइलवरचं आवडतं कार्टून मुलासमोर धरावं आणि एकाच माणसाने हळू आवाजात बोलावं. चौघं एकदम ‘रडू नको’ म्हणाले की मूल हमखास रडतं.

शुद्धीवर येताना काही मुलं दहा-पंधरा मिनिटं ओरडतात, आईलाही ओळखत नाहीत. गदागदा हलवून जागं करू नये. सुई निघणार नाही, कुठे आपटणार नाही एवढं सांभाळून जवळ बसावं. दुखत असेल तर नर्सला सांगून औषध द्यायला लावावं.