शैक्षणिक मानसशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास

मूल कसे शिकते, कशामुळे अडते आणि शिक्षकाच्या वागण्याचा त्यावर काय परिणाम होतो, याचा मानसशास्त्राच्या पद्धतींनी पदवीनंतर केला जाणारा सखोल अभ्यास. भारतात या अभ्यासाला दोन दारे आहेत. एक शिक्षणशास्त्र विभागाचे : बी.एड.नंतरचे एम.एड. किंवा एम.ए. (शिक्षणशास्त्र). दुसरे मानसशास्त्र विभागाचे : एम.ए. करताना घेतलेले शालेय, शैक्षणिक किंवा समुपदेशन मानसशास्त्राचे विषय. पहिल्या दाराने आलेल्याला वर्ग तोंडपाठ असतो, पण संख्याशास्त्राचा धसका असतो. दुसऱ्या दाराने आलेल्याला चाचण्या येतात, मात्र साठ मुलांपुढे खडू हातात घेऊन उभे राहण्याची वेळ त्याच्यावर बहुधा आलेली नसते. दोघांची पाठ्यपुस्तके बरीचशी सारखी असली, तरी एकाच विद्यापीठातले हे दोन विभाग एकमेकांकडे क्वचितच फिरकतात.

विषयाचा उगम अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये. शिकवणे ही कला आहे, मानसशास्त्र हे शास्त्र, आणि शास्त्रातून कला आपोआप निघत नाही, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी शिक्षकांसमोरच्या व्याख्यानांत बजावले होते. ती व्याख्याने १८९९ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिथलेच मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांना हे बजावणे फारसे मानवले नसावे. पेटीत कोंडलेल्या मांजरांवरचे प्रयोग त्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केले होते, आणि १९०३ मध्ये शैक्षणिक मानसशास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहून मोजमाप हा या विषयाचा कणा ठरवला. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांची बुद्धिमापन श्रेणी आली. नेहमीच्या वर्गात मागे पडणारी, वेगळ्या मदतीची गरज असलेली मुले ओळखणे एवढाच तिचा मूळ हेतू होता. पुढे तिच्यावर जे इमले चढवले गेले, ते बिने यांना रुचले नसते.

भारतात मानसशास्त्राचा पहिला विद्यापीठीय विभाग कोलकात्यात १९१६ च्या सुमारास सुरू झाला, तर एम.एड. ही पदवी प्रथम मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये सुरू केली. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४० मध्ये, डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. बिने यांच्या श्रेणीचे मराठी व कन्नड रूप त्यांनी धारवाड भागातल्या मुलांवर तपासून घेतले होते. धारवाड तेव्हा मुंबई प्रांतात होते. बिने-कामत कसोटी या नावाने ती आजही दवाखान्यांत आणि मार्गदर्शन केंद्रांत वापरली जाते. पदव्युत्तर वर्गात या कामाची ओळख सहसा एका परिच्छेदात उरकली जाते. वास्तविक परक्या भाषेतली मोजपट्टी इथल्या मुलांसाठी पुन्हा आखायची म्हणजे काय काय करावे लागते, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण हाताशी नाही.

कसोटी देण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. प्रश्न वयाच्या पातळ्यांवर मांडलेले असतात. समजा, मूल आठ वर्षांचे आहे. पाच वर्षांच्या पातळीवरचे सगळे प्रश्न त्याने सोडवले, म्हणून पाच हे पायाभूत वय. सहा, सात आणि आठच्या पातळ्यांवर काही सुटले, काही राहिले. प्रत्येक सुटलेल्या प्रश्नाचे ठरावीक महिने धरतात; तसे मिळून बारा महिने झाले. नऊच्या पातळीवर एकही सुटला नाही, तिथे थांबायचे. मानसिक वय सहा वर्षे, म्हणजे ७२ महिने. प्रत्यक्ष वय ९६ महिने. भागून शंभराने गुणले की बुद्ध्यंक ७५. गणित पाचवीच्या मुलालाही जमेल. अवघड आहे ते समोर बसणे. मूल अडखळले की पहिले अक्षर सुचवायचे, बरोबर आले की मान डोलवायची, ही शिक्षकाची वर्षानुवर्षांची सवय असते आणि इथे नेमकी तीच मोडावी लागते. बरोबर उत्तराला ‘शाब्बास’ आणि चुकलेल्याला शांतता, असे दोनदा झाले तरी मूल चेहरा वाचू लागते. त्यातून मोजपट्टी जुनी, काही प्रश्न आजच्या मुलांच्या जगाबाहेरचे. एका बैठकीवरून आलेला ७५ हा आकडा त्या मुलाच्या कपाळी लिहू नये, हे शिकायला पुस्तकापेक्षा अशा पाच-सहा बैठका जास्त उपयोगी पडतात.

प्रयोगवहीतला आणखी एक जुना मुक्काम म्हणजे आरशातले रेखन. ताऱ्याची आकृती थेट दिसू नये म्हणून मध्ये आडोसा ठेवतात आणि फक्त आरशात पाहून तिच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला सांगतात. पहिल्या फेरीत चांगले शिकलेसवरलेले लोक कोपऱ्यावर येऊन अडकतात, पेन्सिल उलटीकडे पळते, घाम फुटतो. दर फेरीला लागलेली सेकंदे आणि चुका नोंदवून आलेख काढला की अध्ययनवक्र समोर उभा राहतो. उजव्या हाताच्या सरावाचा डाव्या हाताला किती फायदा झाला, हे पाहिले की अध्ययन संक्रमणही कळते. पण वाचायला नव्याने शिकणाऱ्या मुलाला काय वाटत असेल याचा अंदाज प्रौढ शिक्षकाला येतो, हा या प्रयोगाचा खरा लाभ. वहीत त्यासाठी रकाना नसतो.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी एम.एड. दोन वर्षांचे आणि ८० श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) झाले. त्यात अध्ययन व विकासाचे मानसशास्त्र हा मूलभूत विषय, संशोधन पद्धती, प्रत्यक्ष क्षेत्रकार्य आणि प्रबंधिका, म्हणजे छोटा संशोधन प्रबंध, असते. सिद्धांतकारांची नावे ठरलेली : पियाजे, वायगॉट्स्की, ब्रूनर, बांडुरा, कोहलबर्ग. शिक्षक पात्रता परीक्षेत बालमानसशास्त्राच्या ३० प्रश्नांसाठी हीच मंडळी पर्यायांच्या रूपात भेटलेली असतात, त्यामुळे पुष्कळांना आपल्याला ती आधीच कळलेली आहेत असे वाटते.

प्रबंधिकेचे एक ठरलेले घराणे आहे. ‘इयत्ता नववीतील विद्यार्थ्यांच्या अभ्याससवयी व शैक्षणिक संपादणूक यांतील सहसंबंधाचा अभ्यास’ या धर्तीचे शीर्षक, जवळच्या चार शाळांचा नमुना, पलसाने-शर्मा यांच्यासारखी तयार अभ्याससवय शोधिका, शून्य परिकल्पना (दोन्हींत संबंध नाही असे आधी धरून चालणे), ०.०५ ची सार्थकता पातळी (संबंध नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी हवी, ही अट). सहसंबंध गुणक (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात ते सांगणारा आकडा) ०.३ आला आणि नमुना बऱ्यापैकी मोठा असला की परिकल्पनेचा त्याग होतो आणि शेवटच्या प्रकरणात शिक्षक, पालक व शासन यांना शिफारशी सुरू होतात. ०.३ चा वर्ग ०.०९. म्हणजे गुणांतल्या फरकांपैकी अवघ्या नऊ टक्क्यांचा सवयींशी संबंध लागतो, आणि तोही कारण म्हणून नव्हे. कदाचित घरी स्वतंत्र खोली असलेल्या मुलांच्या सवयीही चांगल्या असतील आणि गुणही. तोंडी परीक्षेत हा एक प्रश्न विचारला गेला, तर बऱ्याच प्रबंधिका जागच्या जागी पातळ होतील. प्रायोगिक अभ्यासांची गत फारशी वेगळी नाही : आपल्याच वर्गात आपणच तयार केलेला कार्यक्रम राबवायचा, आधी चाचणी, नंतर चाचणी, गुण वाढले. दुसरा वर्ग तुलनेला घेतला नसेल, तर वाढ कार्यक्रमामुळे की मधल्या दिवसांत मुले आपसूक पुढे गेल्यामुळे, हे सांगता येत नाही.

विषय नाहीत म्हणून असे होते, असे नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावादाला, म्हणजे मूल आपले ज्ञान स्वतःच रचते या विचाराला, पुढे आणले. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळांनी तो वर्गात उतरवून दाखवला; राज्यभरातले शिक्षक तिथे पाहायला जाऊ लागले, आणि २०१५ च्या जून महिन्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. मुलांनी बसून शिकावे म्हणून गावोगावच्या वर्गांच्या फरश्या अक्षरे, अंक आणि आकृत्यांनी रंगल्या. रंगवलेल्या फरशीवर बसलेले मूल खरोखर स्वतः अर्थ लावते आहे की फळ्यावरचेच फरशीवर घोकते आहे, हे तपासणे हेच शैक्षणिक मानसशास्त्राचे काम. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड इथे आदिवासी मुलांमध्ये राहून जे पाहिले, तेही बहुधा शिक्षणाच्या इतिहासाच्या पेपरात पडते. मानसशास्त्राच्या पेपरात ते यायला हवे. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने मात्र प्रज्ञावान मुलांची निवड आणि त्यासाठीच्या चाचण्या हा भाग सातत्याने सांभाळला आहे.

पदवीनंतरच्या वाटा बऱ्याच आहेत : अध्यापक महाविद्यालयात प्राध्यापकी (त्यासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्र हे तिथे वेगळे विषय आहेत), पीएच.डी., शालेय समुपदेशन, चाचणी व पाठ्यसाहित्य निर्मिती. समुपदेशनाकडे वळायचे तर एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संस्थेचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम आहे.

सर्वांत जास्त गैरसमज अध्ययन अक्षमतेच्या कामाविषयी असतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला (वाचन, लेखन किंवा गणितातल्या खास अडचणीला) दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. वर्गात मूल पहिल्यांदा लक्षात येते ते शिक्षकाच्या : तोंडी उत्तर फाडफाड देणारे, पण जोडाक्षर आले की वही झाकणारे. एम.एड. झालेला शिक्षक नमुने जमवू शकतो, पालकांशी बोलू शकतो, मुलाला पुढे पाठवू शकतो. प्रमाणपत्र देणे त्याच्या अधिकारात येत नाही. ते काम शासनमान्य रुग्णालयांचे. चिकित्सा किंवा पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे, तर १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तिच्यासाठी परिषदेची मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो. ही विचारपूस प्रवेशाआधीच केलेली बरी.