सांगलीच्या घरात इंटरनेट आलं त्याची पार्श्वभूमी

सांगलीत इंटरनेट २०१६ साली जिओच्या स्वस्त फोरजीबरोबर आलं, असं आजची मुलं सहज बोलून जातात. हातोहाती पोचलं ते तेव्हाच, हे खरं. पण आधीची वीस वर्षं वगळली, तर इथली माणसं ऑनलाइन एकमेकांना कशासाठी शोधतात हे कळणार नाही.

विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते मोठ्या शहरांत. जिल्ह्याच्या गावांना वाट पाहावी लागली. तरी १९९८ मध्येच वारणा खोऱ्यात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकानं जोडण्याचा सरकारी प्रकल्प सुरू झाला. गावातल्या केंद्रावर उसाची नोंद, तोड, वजन, बिल कळावं, त्यासाठी कारखान्याला हेलपाटा पडू नये, हा त्यातला खरा उपयोग. बाकीच्या माहितीसाठी केंद्रावर कोणी फारसं फिरकलं नाही. पुढे काही गावांत ते काम मोबाइलच्या एसएमएसवर नेऊन पाहिलं. अभ्यासकांना यात अपयश दिसलं. मला नाही दिसत. शेतकऱ्यानं नव्या यंत्राला पहिल्यांदा स्वतःच्या कामाचं विचारलं, आणि तेच रास्त होतं.

शहरात तेव्हा डायल-अप आणि नेट कॅफे. नेट जोडलं की घरचा फोन एंगेज. १४ जानेवारी २००५ ला बीएसएनएलनं ब्रॉडबँड आणलं, तेव्हा ही कटकट मिटली. फोनची तांब्याची तार तीच; स्प्लिटर लावला की बोलणं आणि नेट दोन्ही चालायचं. सरकारी व्याख्येत २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. एक्स्चेंजपासून घर जितकं लांब, तितका वेग कमी. पावसात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की आधी फोनवर खरखर आणि मग नेट गायब. एका लोकप्रिय प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत असायचा, म्हणून गजर लावून उठणारे आणि डाउनलोड लावून परत झोपणारे कितीतरी होते.

पण वेगापेक्षा अक्षरं महत्त्वाची ठरली, असं माझं ठाम मत आहे. विंडोज एक्सपीवर युनिकोड मराठी, म्हणजे वेगळा फॉन्ट न लागता कुठल्याही संगणकावर वाचता यावी अशा अक्षरांतली मराठी, मुळात नीट दिसतच नसे. ‘किल्ला’ लिहिलं तर पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसायची आणि ल्ल चा पाय मोडलेला राहायचा. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषेच्या खिडकीत एक खूण करायची, संगणक मूळ सीडी मागायचा, ती घालून पुन्हा सुरू केला की अक्षरं जागेवर. ती सीडी बहुतेकांकडे नसायची. मित्राकडून मागून आणायची. मग ‘मायबोली’ किंवा ‘मनोगत’ या मराठी संकेतस्थळांवर आपल्यासारखं बोलणारी माणसं भेटायची. ‘मायबोली’ १९९६ पासूनची, अमेरिकेतल्या मराठी माणसांनी उभी केलेली. मिरजेत बसून तिथल्या चर्चेत उत्तर देता येणं ही साधी गोष्ट नव्हती. ऑर्कुट हे ओळखीपाळखीचं संकेतस्थळ २००४ साली आलं आणि शाळा-कॉलेजचे जुने सोबती सापडू लागले.

फोरजीनंतर हे सगळं व्हॉट्सॲपवर गेलं, आणि इथं वारणेचीच गोष्ट पुन्हा घडली. तासगाव-पलूसकडचे द्राक्ष बागाईतदार छाटणीनंतर पानाचा फोटो ग्रुपवर टाकतात. पावसाळी हवेत डाऊनी हा बुरशीचा रोग झपाट्यानं बाग धरतो, त्यामुळे औषधाचा सल्ला त्याच संध्याकाळी लागतो.

नदीकाठचे ग्रुप वेगळे. १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. वीज गेली, टॉवर बंद पडू लागले, आणि चार्जिंग उरलेल्या मोबाइलवरून कोण कुठल्या मजल्यावर अडकलंय याचे निरोप फिरत राहिले. त्यातच जुने व्हिडिओ नवे म्हणून पसरले आणि घबराट झाली. तारीख-वेळ नसलेली पोस्ट पुढे ढकलू नका, असं तेव्हापासून अनेक जण बजावतात. कोयना धरणातून सोडलेलं पाणी, पुलाची पातळी हे आकडे आता सरकारकडूनही मोबाइलवर येतात. पण अमुक फुटांना सूर्यवंशी प्लॉटात पाणी, अमुकला दत्तनगरात, आमच्या पायरीला कधी, हे गल्लीतले जुने रहिवासीच ग्रुपवर सांगतात, आणि लोक त्यावरून सामान वर चढवतात.