झाडाला दृष्ट लागते ती झारीची

जळगावात वसंत ऋतू येतो, पण मुक्कामाला राहत नाही. महाशिवरात्रीला पहाटे अंगावर घेतलेली शाल होळीपर्यंत कपाटात गेलेली असते आणि गुढीपाडव्याच्या सुमारास पारा चाळिशीची चौकशी करू लागतो. या महिना-दीड महिन्यात आमच्या कॉलनीतील गच्च्यांवर लागवडीची लाट येते. भेंडी, गवार, गिलके, दोडके, शिवाय ‘लगेच फुलतो’ या भरवशावर रोपवाटिकेतून आणलेला एखादा मोगरा. एप्रिल निम्मा सरेपर्यंत यातील बऱ्याच कुंड्या रिकाम्या होतात आणि सर्वांचा संशयित आरोपी एकच असतो, तो म्हणजे ऊन.

गेल्या वर्षी शेजारच्या काकांनी गिलक्याच्या वाळलेल्या वेलाकडे पाहत अहिराणीत उद्गार काढले, “इतलं पानी टाकं, तरी मरी गया!” त्या वाक्यात ‘तरी’ हे एकच अव्यय चुकले होते, तेथे ‘म्हणून’ हवे होते.

हा प्रकार घडतो कसा, ते पाहण्यासाठी दुपारी दोन वाजता गच्चीवर जावे लागेल. गिलक्याची रुंद पाने त्या वेळी ओल्या रुमालासारखी लोंबत असतात. ते दृश्य पाहून माणसाला राहवत नाही आणि तो झारीकडे धावतो. वास्तविक पानांच्या खालच्या बाजूस असलेल्या सूक्ष्म पर्णरंध्रांतून बाष्प बाहेर जाण्याचा वेग त्या वेळी मुळांच्या पुरवठ्यापेक्षा जास्त असतो, एवढाच त्या लोंबण्याचा अर्थ आहे. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी झाड असे हवेतच सोडते. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने सूर्यफुलाच्या कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने झाकून, ती रोज तोलून हा खर्च मोजला आणि १७२७ मध्ये आपल्या ग्रंथात नोंदवला. दुपारच्या तुटीमुळे पेशींतील पाण्याचा दाब उतरतो, पाने खाली झुकतात आणि झुकल्यामुळे त्यांच्यावर पडणारे ऊनही कमी होते. सूर्य मावळला की खर्च थांबतो, मुळे रात्रभर भरपाई करतात आणि सकाळी सहा वाजता तोच वेल ताठ उभा असतो. म्हणून झाडाची तहान पहाटे पाहावी. पहाटेही पाने लोंबत असतील, तरच काळजी करावी.

मात्र त्या काळजीचे उत्तरही पुन्हा झारी असेलच असे नाही, आणि येथून पुढे या विषयातील मला सर्वांत प्रिय असलेला भाग सुरू होतो; वाचकांनी थोडा धीर धरावा.

मूळ ही शाई टिपणारी वात नव्हे. बाहेरून आत येणारे पाणी पेशींच्या फटींतून काही अंतर जाऊ शकते. परंतु मुळाच्या गाभ्याभोवती पेशींचे एक कडे असते आणि त्या पेशींच्या भिंतींत जलरोधक द्रव्याचा पट्टा बसवलेला असतो. या नाक्यावर पाण्याला आडवाटेने जाता येत नाही, जिवंत पेशीच्या पटलातूनच, म्हणजे तिच्या पातळ आवरणातूनच, जावे लागते. पटल तेलकट असल्यामुळे त्यातून पाणी सावकाश झिरपते. वेगाने जाण्यासाठी पटलात प्रथिनांचे खास दरवाजे असतात. त्यांचे नाव अ‍ॅक्वापोरिन. त्यांतून पाण्याचे रेणू एकामागोमाग एक, रेशनच्या रांगेसारखे सरकतात. पीटर अ‍ॅग्री हे अमेरिकी शास्त्रज्ञ रक्तगटाशी संबंधित एका प्रथिनाचा अभ्यास करत असताना त्यांना असे पहिले प्रथिन अनपेक्षितपणे सापडले. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने बेडकाच्या अंड्यांना हे प्रथिन तयार करायला लावून ती अंडी विरळ द्रावणात ठेवली, तेव्हा ती फुगून फुटली. साधी अंडी मात्र जशीच्या तशी राहिली. २००३ मध्ये अ‍ॅग्री यांना या शोधासाठी रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला.

आता हे दरवाजे आणि आपली झारी यांचा संबंध पाहू. मुळे श्वास घेतात आणि त्यांना लागणारा ऑक्सिजन मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून येतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजनची वाट अडते, कारण पाण्यातून त्याचा प्रसार हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट मंद असतो. ऑक्सिजन संपला की पेशी किण्वनावर, म्हणजे ऑक्सिजनविना साखर मोडण्यावर, गुजराण करू लागते, तिची ऊर्जेची कमाई कोसळते आणि पेशीद्रव आम्लधर्मी होतो. त्यातील हायड्रोजन आयन अ‍ॅक्वापोरिनमधील हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या एका ठरावीक घटकाला चिकटतात आणि दरवाजा बंद होतो. ही यंत्रणा फ्रान्समधील संशोधकांनी २००३ मध्येच प्रसिद्ध केली. परिणाम असा, की गळ्यापर्यंत पाण्यात उभे असलेले झाड तहानेने कोमेजते. ते कोमेजलेले पाहून आपण आणखी एक झारी ओततो.

खानदेशच्या काळ्या मातीत हे संकट दुप्पट होते. बेसाल्टच्या झिजेतून बनलेल्या या मातीतील चिकणखनिजांचे पापुद्रे आपल्यामध्ये पाणी धरून फुगतात आणि हवेच्या वाटा बुजवतात. वाळले की आक्रसतात आणि भेगा पडतात. तापीकाठच्या शेतात ही माती केळीला उत्तम पोसते, कारण तेथे खाली खोल थर असतो आणि शेतकऱ्याला वाफसा कळतो. जमिनीत ओल आहे आणि हवाही आहे, ही अवस्था एका शब्दात सांगणारी भाषा आपल्याकडे असताना गच्चीवर जाताच आपण ती विसरतो, याचे मला नवल वाटते. वीतभर खोल कुंडीत तळाशी पाण्याने गच्च भरलेला थर राहतोच. त्यावर उपाय म्हणून अनेकजण तळाला विटांच्या तुकड्यांचा थर देतात; त्यामुळे तो गच्च थर नाहीसा होत नाही, मुळांच्या आणखी जवळ, वर सरकतो. भोकावर एक खापरी पुरे. काळ्या मातीत कोकोपीट, भरड वाळू आणि मुरलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे.

झाड मेल्यानंतर मात्र निदान वेगळेच होते. ‘दृष्ट लागली’ असे ठरते आणि उरलेल्या कुंड्यांत लिंबू-मिरची लटकते. दृष्ट लागली हे मला मान्य आहे. ती दिवसातून पाच वेळा झारी हातात धरून पाहणाऱ्या मालकाची. अलीकडे केळीच्या सालींच्या पाण्याचीही साथ आली आहे. साली फुकट मिळणाऱ्या आमच्या जिल्ह्यात तिचा जोर विशेष आहे. सालीत पालाश (पोटॅशियम) असते हे खरे, पण बुडणाऱ्या मुळांना खत पाजून उपयोग नाही, आणि ते ‘टॉनिक’ म्हणजे शेवटी आणखी एक लिटर पाणीच असते. साली कंपोस्टच्या डब्यात टाकाव्यात.

यंदा मी स्वतःपुरता नियम केला. सकाळी सातला तर्जनी दोन पेरे मातीत खुपसायची, माती बोटाला चिकटली तर खाली उतरून चहा घ्यायचा. बोट कोरडे निघाले, तर तळाच्या भोकातून पाणी निघेपर्यंत एकदाच भरपूर द्यायचे. मे महिन्यात हे रोज करावे लागते, मार्चमध्ये तीन दिवसांनीही चालते. गवार कधी नव्हे ती शेंगेला आली. मग चार दिवसांसाठी नाशिकला जाणे झाले आणि जाताना मी काकांना एवढेच म्हणालो, “जरा लक्ष असू द्या.” परतलो तेव्हा गच्चीवर चिखलाचा वास होता, गवार पिवळी पडली होती आणि काका जिन्यातच भेटले. त्यांनी दिवसातून तीनदा लक्ष दिले होते.