झाडावर चढता येणं आणि झाडावर बसून कापता येणं
मे महिना सरत आला की कौलांवर झुकलेली आंब्याची फांदी डोळ्यांवर येऊ लागते. मग वाडीतल्या चढणाऱ्या गड्याला बोलावणं जातं. तो कमरेला कोयता खोचतो, नायलॉनची दोरी खांद्यावर टाकतो आणि सरसर वर जातो. त्याच्या चढण्याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. कोकणातले नारळ काढणारे आणि गोव्यातले पाडेली ज्या सफाईने माड चढतात, ती सफाई वर्षानुवर्षांची आहे. पण नारळ काढताना माड जसाच्या तसा राहतो. फांदी किंवा शेंडा कापताना मात्र, ज्याच्या आधाराने माणूस वर टेकलेला आहे त्याचंच वजन, तोल आणि ताण दर घावागणिक बदलत जातात. घात होतो तो इथे.

आधी वजनाचा अंदाज घेऊ. ३० सेंटिमीटर व्यासाचा आणि ४ मीटर लांबीचा फांदीचा तुकडा सुमारे ०.२८ घनमीटर भरतो. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला ढोबळमानाने ९०० किलो धरलं, तर एवढ्याशा तुकड्याचे २५० किलो होतात. डहाळ्या आणि पानं वेगळीच. खालून फांदी नेहमीच बारीक दिसते, आणि व्यास दुप्पट निघाला तर वजन चौपट होतं. म्हणूनच ‘दोघं मिळून धरू’ हा हिशेब फसतो.

आडव्या फांदीत वरचे तंतू ताणलेले असतात आणि खालचे दाबलेले. नुसतं वरून कापत गेलं की अर्ध्यावर येण्याआधीच फांदी स्वतःच्या भाराने मोडते. खालची साल खोडापर्यंत सोलत जाते आणि त्या सालीला लोंबकळत फांदी झोका घेऊन खोडाकडे येते. माणूस किंवा त्याची शिडी नेमकी तिथेच असते. नुसतं खालून कापलं तर करवत चिमट्यात अडकते आणि ती ओढून काढायच्या धडपडीत तोल जातो. त्यामुळे पहिला काप खालून घ्यायचा, खोडापासून ३०-४० सेंटिमीटरवर आणि जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल. दुसरा काप वरून, पहिल्याच्या चार-पाच सेंटिमीटर पुढे, म्हणजे फांदीच्या टोकाच्या बाजूला. फांदी साल न सोलता तुटून पडते. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा, तोही खोडाला अगदी चिकटून नाही. फांदी जिथे खोडातून निघते तिथे एक फुगीर कडं दिसतं, ते शाबूत ठेवायचं. जखम तिथूनच भरून येते. कडं कापलं तर कुज आत शिरते.

शिडी त्याच फांदीला टेकवून काम करणारे कमी नाहीत. टोकाचं वजन गेलं की उरलेली फांदी वर उसळते आणि शिडीचा टेकूच नाहीसा होतो. ८ मीटरवरून सुटलेला माणूस सव्वा सेकंदात जमिनीवर पोचतो, ताशी ४५ किलोमीटरच्या वेगाने. इतक्या वेळात फांदी पकडणं वगैरे होत नाही.

घराचं नुकसान नको म्हणून फांदी दोराने बांधून उतरवतात. कल्पना चांगली, पण गणित अवघड. १०० किलोचा ओंडका १ मीटर पडून दोराला झटका देतो आणि पुढच्या २० सेंटिमीटरांत थांबतो असं धरा. त्या थांबण्यात दोरावर सरासरी ६०० किलोंचा भार येतो आणि क्षणभर त्याच्या दुप्पटही येऊ शकतो. गाठीपाशी दोराची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते. दोर वरच्या फांदीवरून किंवा कप्पीवरून वळवलेला असेल, तर त्या आधारावर दोन्ही बाजूंचा ताण मिळून जवळजवळ दुप्पट भार पडतो. खाली उभा असलेला माणूस तो दोर हाताला गुंडाळून धरत असेल, तर त्याची बोटं चिरडतात किंवा तोच वर खेचला जातो. दोर बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन घर्षणावर हळूहळू सोडायचा असतो.

माडाचा शेंडा उतरवणं हे या सगळ्यात अवघड काम, असं आमचं मत. माड हा गवताच्या नात्यातला. त्याचं खोड बाहेरून टणक आणि आत मऊ, तंतुमय. आंब्या-सागाच्या लाकडात कापलेल्या खाचेमागे न कापलेली पट्टी ठेवली तर ती बिजागरीसारखं काम करून पडण्याची दिशा राखते. माडात या पट्टीचा भरवसा धरता येत नाही. शेंडा कलंडला की खोड उलट दिशेला फेकलं जातं आणि वर बांधलेला माणूस त्याबरोबर हेलकावतो. इतर झाडांत, विशेषतः कललेल्या, कधी कधी खोड कापापासून उभं चिरतं. कमरेचा पट्टा खोडाभोवती असला, तर फाकणारं लाकूड तो आवळत जातं आणि माणूस पट्टा व खोड यांच्यामध्ये चिरडला जातो.

चेनसॉबद्दल दोनच गोष्टी. तिच्या पात्याच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशाला लागला, तर यंत्र चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळतं. साखळी ताशी सत्तर किलोमीटरच्या घरात धावत असते. आणि झाडावर एका हाताने आधार धरून ते चालवायचा मोह होतोच. दोन्ही हात यंत्रावर ठेवायचे तर शरीर दोन स्वतंत्र जोडण्यांनी बांधलेलं हवं, त्यातली एक पोलादी गाभ्याची. ताणलेल्या नायलॉनला धार नुसती टेकली तरी तो तुटतो.

शेवगा, पांगारा आणि जांभूळ यांच्या फांद्या दगा देतात हे गावात ठाऊक असतं. गुलमोहरही त्याच पंक्तीतला. बुंध्याशी अळंबी उगवलेली दिसली, ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा ढोली दिसली, तर त्या झाडावर चढायचं नाही. आग्या मोहोळ असेल तरीही नाही. फांदीजवळून वीजवाहिनी जात असेल तर आधी १९१२ वर कळवून वीजपुरवठा बंद करून घ्यायचा. ११ हजार व्होल्टच्या तारेला हात लावायची गरज नसते, ओली फांदी तेवढं काम करते. शहरी हद्दीत १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडण्याआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

ठेकेदाराला विचारायचा पहिला प्रश्न दराचा नको. ‘वरचा माणूस जखमी झाला तर त्याला खाली कोण आणणार?’ असं विचारावं. पट्ट्यात बेशुद्ध लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांतही जीव धोक्यात येऊ शकतो. अग्निशमन दल येईपर्यंत थांबणं म्हणजे उशीर. दुसरा प्रशिक्षित माणूस पट्टा-दोर अंगावर चढवून खाली तयार उभा हवा. तो नसेल तर बकेट असलेली हायड्रॉलिक शिडीची गाडी मागवावी, आणि गल्लीत गाडी शिरत नसेल तर दुसऱ्या माणसाची सोय होईपर्यंत फांदी तशीच राहू द्यावी.